हजेरीची पाकिटे

दिनांक ४ मे १९८१ रोजी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीने कागदाच्या खरेदीपोटी ८६२ रुपये ४० पैसे मोजले. जालना जिल्हा होऊन त्या दिवशी तीनच दिवस झाले होते. टांग्यातून आलेली रिमे उतरवायला कंपनीच्या फाटकातून दोन माणसे पुढे आली. दोघांचाही नोकरीचा तो पहिला दिवस. एक मुबारक, भोकरदनचा, वय सव्वीस, शिपाई म्हणून कायम नेमलेला. दुसरा बद्रीनाथ, वाटूरचा, त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, हंगामी हमाल.

“काय हो मियाँ, ह्यात कागद हाय का लोखंड?” पाठीवर गठ्ठा घेत बद्रीनाथने विचारले.

“कागदच हाय. पर लई पानी प्यालेला हाय, म्हणून जड लागून राह्यला.”

“कोरडा ठणठणीत तर हाय!”

“पिऊन झालं ना त्याचं. आता वरून कोरडाच दिसनार.”

बद्रीनाथ हसला. मुबारक हसला नाही, कारण तो चेष्टा करत नव्हता. ह्या नोकरीआधी दीड वर्ष तो टेंभुर्णीच्या रस्त्यावरच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात होता. तिथे भुसा, धसकटे आणि रद्दी सोड्याच्या पाण्यात उकळत, आणि उरलेले काळे पाणी मागच्या ओढ्यात सोडून देत. ओढा पुढे त्याच्या मामाच्या शेतावरून जाई. पहिल्या वर्षी ओढ्यातले बेडूक ओरडायचे थांबले. दुसऱ्या वर्षी म्हशीने त्या पाण्याला तोंड लावले नाही. मग मामाच्या विहिरीला सोड्याची चव आली. मामा त्याला रागावला नाही, नुसता म्हणाला, “तू तिथंच कामाला हाईस, म्हणून म्या तक्रार केली न्हाई.” मुबारकने पुढच्या आठवड्यात कारखाना सोडला.

तेव्हापासून कोरा कागद पाहिला की त्याला ओढा दिसे.

कंपनीत त्याच्याकडे आवक-जावक आली. टपाल आणायचे, टपाल पाठवायचे, नोंदवहीत चढवायचे. काम साधे होते, पण मुबारकने त्याला आपले वळण लावले. आलेले पाकीट तो फाडत नसे. वाफ दाखवून सांधे सोडवी, उलटे करी, आतली कोरी बाजू बाहेर आणून पुन्हा चिकटवी. खळ तो स्वतः शिजवी. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकी, म्हणजे झुरळे लागत नाहीत. टंकलेखनात चुकलेले कागद पाठकोरे म्हणून शिवून त्यांच्या चिठ्ठ्यांच्या वह्या होत. खिशातल्या छोट्या डायरीत तो वर्षाची रिमे लिहून ठेवी. १९८१ साली चव्वेचाळीस. पुढच्या पंधरा वर्षांत कंपनीचे काम दुप्पट झाले, बीजोत्पादक शेतकरी चाळीस गावांत पसरले, आणि १९९६ साली रिमे झाली एकतीस. हे त्याला कोणी सांगितले नव्हते, कोणी विचारलेही नाही. एकदा बद्रीनाथने डायरी पाहिली आणि म्हणाला, “मुबारक्या, तू कंजूष न्हाईस. तू कंजुषीचा शाळामास्तर हाईस.”

बद्रीनाथ मात्र अकरा वर्षे हंगामीच राहिला. हंगामी म्हणायचे, पण हंगाम बाराही महिने चाले. पोती शिवणे, गाड्या भरणे, पुढे पुढे फाटकावर बसणे. हंगामी माणसाला ना नेमणुकीचा कागद, ना फंडाची कपात. त्याच्या नोकरीचा पुरावा एवढाच, की हजेरीपटावर त्याचे नाव आणि नावापुढे रोजचा ‘ह’. हंगामी माणसे वीस, आणि ती सगळी महिन्याच्या एकाच मोठ्या पानावर मावत. बद्रीनाथ तिसऱ्या ओळीत असे. १ जून १९९२ ला तो कायम झाला, पहारेकरी म्हणून. त्या दिवशी त्याने मुबारकला फाटकाशेजारच्या हॉटेलात दोन वेळा चहा पाजला.

१९९७ च्या जानेवारीत कंपनीत कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत सत्यशीला नावाची मुलगी आली. प्रशासनाचे काम पाहणारे भुजंगराव साहेब म्हणाले, “ब्याण्णव सालापासूनचं सगळं चढवा. त्याच्या मागचं काही लागत न्हाई. ती दफ्तरं रद्दीत काढा.” जुनी पगारपत्रके आधीच गेली होती. आता जुने हजेरीपट निघाले. अकरा वर्षांचे, वर्षाचे एक असे अकरा गठ्ठे, चांगल्या जाड कागदाचे, आणि छापलेले एकाच बाजूने. मागची बाजू कोरी करकरीत.

रद्दीवाला आला, तेव्हा मुबारकने ते गठ्ठे त्याच्या तराजूवरून उचलून परत आणले. हा कागद त्याला घातला तर तो जाणार पुठ्ठ्याच्या कारखान्यात. मुबारकने हिशेब केला, एका पानाचे चार तुकडे, एका तुकड्याचे एक पाकीट. लिहिलेली बाजू आत, कोरी बाहेर. पेरणीआधीच्या सूचनांची पत्रे जायची होती, त्याला नवीन पाकिटे आणावीच लागणार नव्हती.

जूनमध्ये दुपारच्या वेळी तो जावकच्या खोलीत कापायला बसे, आणि फाटकावरची पाळी संपली की बद्रीनाथ चिकटवायला येई. असेच एकदा चौऱ्याऐंशी सालचा गठ्ठा निघाला. बद्रीनाथने वरचे पान हातात घेतले, तिसऱ्या ओळीवर बोट फिरवले.

“अरे, ह्या साली म्या एक बी खाडा केला न्हाई. बघ, जानेवारी भरला. फेब्रुवारी भरला. माझं मलाच खरं वाटून न्हाई राह्यलं.” मग तो जरा ओशाळून म्हणाला, “मुबारक्या, एवढा एक गठ्ठा मला दे ना. बारा तर पानं हायत. घरी ठिवतो. पोरीला दाखवीन, तू झालीस त्या सालचा बाप बघ म्हणून.”

“बारा पानं म्हंजे अठ्ठेचाळीस पाकिटं, बद्री.”

“मंग?”

“मंग काय. शोभेसाठी ठेवायचा कागद हाय का हा? टेंभुर्णीची सगळी पत्रं ह्याच्यात जातील.”

बद्रीनाथने पान खाली ठेवले. “काप बाबा. तुझी झाडं वाचू दे.” आणि खळीच्या वाटीत बोट बुडवले.

मुबारकने कात्री लावली. उभा काप पंधरा आणि सोळा तारखेच्या मधून, आडवा काप दहाव्या ओळीखालून. जावक नोंदवहीत दुसऱ्या दिवशीची नोंद त्याच्याच अक्षरात आहे: १७ जून १९९७, टेंभुर्णी व परिसर, पेरणीपूर्व सूचना, पत्रे ४८.

२००२ च्या मे महिन्यात भुजंगराव साहेबांनी सगळ्यांना बसवून घेतले. एक जूनपासून हैदराबादच्या मुख्य कार्यालयाशी सगळा व्यवहार ई-मेलने होणार, शेतकऱ्यांना निरोप फोनवर किंवा सुपरवायझरमार्फत. एक टन कागदामागे किती झाडे पडतात, किती पाणी खर्ची पडते, टपालाच्या गाड्या किती डिझेल जाळतात, हे सगळे त्यांनी वाचून दाखवले. वाचायचा कागद नऊ प्रतींत छापला होता. तो नंतर मुबारकने गोळा केला आणि पाठकोऱ्यांत लावला. सगळे त्याच्याकडे कीव केल्यासारखे पाहत होते, कारण जावकचे टेबलच निघणार होते. मुबारकला मात्र वीस वर्षांत पहिल्यांदाच वाटले, की आपल्या डायरीतले कोणीतरी मोठ्याने वाचले. त्या वर्षाअखेर त्याने लिहिले: रिमे सात.

“तुझं पोट गेलं आन् तू खूश!” बद्रीनाथ म्हणाला.

“पोट कुठं गेलं? नोकरी हाय. चिठ्ठ्या न्हाईत, एवढंच.”

ऑगस्ट २००३ मध्ये बद्रीनाथला कावीळ झाली. झाडपाला झाला, दवाखाना झाला, आणि अकराव्या दिवशी तो गेला. भोकरदन नाक्यामागच्या एका खोलीत त्याची बायको कौसल्या आणि एकोणीस वर्षांची मुलगी उरल्या. मुबारकला फाटकावर बद्रीनाथच्या जागी बसवले. तेच स्टूल, त्याच्या एका पायाखाली बद्रीनाथने लावलेली पुठ्ठ्याची घडी.

ग्रॅच्युइटीचे काम निघाले तेव्हा सत्यशीलाने कॉम्प्युटरवर पाहिले. शेवटचा पगार २६०० रुपये, म्हणजे वर्षाला पंधराशे. नोकरी जून ब्याण्णवपासून, वर्षे अकरा, रक्कम १६,५००. कौसल्याबाई टेबलासमोर उभी होती. ती म्हणाली, “बाई, ते एक्याऐंशीपासून होते. बावीस वर्षं झाले.”

“मावशी, माझ्याकडे ब्याण्णवपासूनच दिसतं.”

भुजंगराव साहेब म्हणाले, “हंगामी वर्षं बी धरता येतात, कायदा हाय. पर वर्षात दोनशे चाळीस दिवस भरलेले दिसले पाहिजेत. काही कागद हाय का?”

कौसल्याबाईने मान हलवली. दारात मुबारक उभा होता. जुने हजेरीपट कुठे गेले हे साहेबांना आठवत नसेल, पण त्याला आठवत होते. तो कौसल्याबाईच्या मागोमाग फाटकापर्यंत आला आणि नुसते म्हणाला, “भाभी, पैसे आत्ताच उचलू नका. एक-दोन महिने द्या मला. मी कागद बघतो.”

“कुठं बघता, भाऊजी?”

“बघतो.”

दहा गठ्ठे चाळीस गावांत विखुरले होते, त्यांचा माग लागणे अशक्य. पण चौऱ्याऐंशी कुठे गेले ते नोंदवहीत होते. एक साल जरी पुरे झाले, तर कौसल्याबाईचे पंधराशे तर मिळतील, आणि एक सिद्ध झाले तर बाकीच्या दहांसाठी साहेबांकडे तोंड उघडता येईल. खेड्यातला माणूस कंपनीचे पत्र टाकत नाही, हे मुबारकला ठाऊक होते. भिंतीच्या खुंटीला एक वाकवलेली तार असते, तिच्यात पावती, पत्र, पाकीट, सगळे ओवले जाते. सहा वर्षे म्हणजे तारेवर फार तर चार बोटे खाली.

पहिल्या रविवारी तो टेंभुर्णीला गेला. वाटेत कारखान्यामागचा ओढा बसमधून दिसला. पाणी अजून चहासारखेच होते. त्याने तोंड फिरवले.

अप्पाराव हे टेंभुर्णीतले जुने बीजोत्पादक. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि तारेवर हात ठेवला.

“कंपनीला पाकीट वापस पायजे? आज पाकीट मागता, उद्या बियाणं वापस मागसान.”

“कंपनीला न्हाई, दादा. मला पाहिजे.”

“त्यात काय हाय असं?”

“एका मानसाची हजेरी.”

आतून त्यांची बायको उषाबाई म्हणाली, “द्या की. लग्नातल्या वाजंत्र्याची पावती बी सोडली न्हाई ह्यांनी त्या तारेवरून. मेल्यावर संगं नेणार हायत.”

अप्पारावांनी तार सोडली. पाकीट निघाले, मधोमध तारेचे भोक पडलेले. मुबारकने पाण्याचे बोट फिरवून सांधा सोडवला. मार्च १९८४. डावी बाजू. तिसऱ्या ओळीत बद्रीनाथ, पुढे पंधरा घरे, रविवार सोडून सगळीकडे ‘ह’. अप्पाराव वाकून पाहत राहिले. मग पायात वहाणा घालून म्हणाले, “चला. बाकीच्यांची घरं तुम्हाला घावायची न्हाईत.”

सहा रविवार गेले. अठ्ठेचाळीसांपैकी सदतीस पाकिटे मिळाली. काही चुलीत गेली होती, काही उंदरांनी नेली होती, एका घरी पाकिटात लग्नाच्या अक्षता बांधून दिल्या होत्या. सहाव्या रविवारी एका लांबच्या वस्तीवर जीपने जावे लागले, आणि परतीच्या तिकिटाला पैसे कमी पडले. उषाबाईंनी चौदा रुपये काढून दिले.

“पुढच्या टपालासंगं धाडतो, बाई,” तो जुन्या सवयीने म्हणाला.

“धाडा सावकाश.”

घरी मुबारकची बायको जुबेदा तुकडे चटईवर मांडायला बसली. “क्या जी, सारी जिंदगी लोगां का कचरा घर में लाये, अब गावां का भी लाने लगे,” असे ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. नंतर म्हणाली नाही. निम्म्या पाकिटांत खालच्या दहा ओळी होत्या, त्या बाजूला काढल्या. बद्रीनाथच्या ओळीचे तुकडे निघाले एकोणीस. दहा डावे, नऊ उजवे. उजव्या तुकड्यांवर नाव नव्हते, कारण नावाचा रकाना पानाच्या डाव्या टोकाला असतो. उजवीकडे नुसत्या सोळा ते एकतीस तारखा आणि ओळी. जुबेदाने कापाची कड कडेला लावून, शाईची रेघ रेघेला जुळवून, कुठला उजवा कुठल्या डाव्याचा ते ठरवले. मुबारकने दिवस मोजले. तीनदा मोजले. डावे एकशे सव्वीस, उजवे एकशे पंधरा. दोनशे एक्केचाळीस.

“एक ज्यादा है,” जुबेदा म्हणाली.

सोमवारी त्याने एकोणीस तुकडे भुजंगराव साहेबांच्या टेबलावर मांडले, आणि आपण काय केले होते तेही सांगितले. साहेबांनी एक उजवा तुकडा उचलला.

“मुबारक, ह्या उजव्यांवर नाव कुठंय?”

“तिसरी ओळ, साहेब. डावीकडं तिसऱ्या ओळीत बद्री, उजवीकडं बी तिसरी. कड लावून बघा.”

“हे तुला कळतं, मला कळतं. हैदराबादला कोण पटवनार? नाव असलेले दिवस एकशे सव्वीस.” त्यांनी तुकडा परत जागेवर ठेवला. “रद्दीत काढा म्हणालो तो मीच. मी लिहितो. बिलकुल सगळं लिहितो.”

त्यांनी सांगितले आणि सत्यशीलाने टाइप केले. एकोणीस तुकड्यांवरचे दिवसही तिने एकेक करून चढवले. मुबारक तिच्या मागे उभा होता.

“बेटा, ही एका सालची हजेरी किती जागा खाते?”

तिने एक फ्लॉपी उचलून दाखवली, तळहाताएवढी. “ह्याच्या एका कोपऱ्यात, चाचा.”

“आन् अकरा सालांची?”

“सगळी मावून वर जागा राहील.”

“मंग तेव्हा का न्हाई चढवली?”

सत्यशीला खाली पाहू लागली. “मला ब्याण्णवपासून सांगितलं होतं. आणि मागचं चढवायला दोन महिने लागले असते.”

मुबारकने ती फ्लॉपी हातात घेऊन पाहिली. ना झाड, ना पाणी, ना काळा ओढा. कागद वाचवायचा तर आधी त्याच्यावरचे उचलून घ्यायचे असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने फक्त कोरी बाजू पाहिली होती.

उत्तर चाळीस मिनिटांत आले. पूर्वी ह्याच उत्तराला टपालाने नऊ दिवस लागले असते, दोन कागद, एक पाकीट. आता पडद्यावर दोन ओळी होत्या. सत्यशीलाने त्या मराठीत सांगितल्या: नाव नसलेले तुकडे ग्राह्य नाहीत, कोणत्याही वर्षाचे दोनशे चाळीस दिवस सिद्ध होत नाहीत, १६,५०० रुपये अदा करून प्रकरण बंद करावे.

“प्रिंट काढू का, चाचा? मावशींना दाखवायला?”

“नको,” मुबारक म्हणाला. “कशाला कागद.”

संध्याकाळी तो भोकरदन नाक्यामागच्या खोलीत गेला. मुलगी शिवणाच्या क्लासला गेली होती. कौसल्याबाईने पाणी दिले. त्याने आधी उत्तर सांगितले. मग तुकड्यांचे पुडके पुढे ठेवून म्हणाला, “भाभी, ही हजेरी मीच कापली. माझ्या हातानं. बद्रीनं चौऱ्याऐंशीचा गठ्ठा मागितला होता. मी दिला न्हाई.”

“मला म्हाईत हाय, भाऊजी.”

मुबारकने मान वर केली.

“ते आल्ते ना त्या दिवशी घरी. हसून हसून सांगून राह्यलते. मुबारक्यानं एक कागद सोडला न्हाई म्हणले, त्याचं झाडापायी चाललंय, आपलं काय अडलंय.”

“मंग तुम्ही दोन महिन्यांत बोलल्या न्हाई?”

“बोलून पाकिटं सुलटी झाली असती का?” तिने पुडके सोडले. एकेक तुकडा मांडीवर घेतला. तिला वाचता येत नव्हते, म्हणून मुबारकने तिसरी ओळ बोटाने दाखवली. ती ऑगस्टच्या तुकड्यावर थांबली.

“हा कोणता?”

“ऑगस्ट. एकपासून पंधरा.”

“आठ तारखेला पोरगी झाली. त्या दिशी बी गेल्ते?”

मुबारकने पाहिले. आठ तारखेच्या घरात ‘ह’ होता.

“गेल्ता.”

“लई भांडले व्हते मी त्यांच्याशी. म्हणलं, तुमची कंपनी काय बंद पडून राह्यली का एका दिवसानं.” तिने तो तुकडा परत ठेवला. “हे इथंच ऱ्हाऊ द्या. तुम्ही न्या म्हणलं तरी देत न्हाई.”

देवळीखालच्या खिळ्याला एक तार होती, विजेची बिले ओवलेली. तारेची भोके सगळ्या तुकड्यांना आधीपासून होतीच. तिने एकोणीसही तुकडे ओवले.

पुढच्या आठवड्यात कौसल्याबाईने १६,५०० रुपयांवर अंगठा दिला. उरलेली अकरा वर्षे मिळाली नाहीत. कंपनीत त्या वर्षी रिमे लागली पाच. मुबारकने ती डायरीत लिहिली, आणि त्यानंतर डायरी लिहिणे बंद केले. टेंभुर्णीला आता कंपनीचे टपाल जात नाही. उषाबाईंचे चौदा रुपये द्यायचे आहेत.